आकड्यावरची फुप्फुसं

साखळीचा खडखडाट क्षणभरही थांबत नाही. गरम पाण्याच्या हौदाकडून ओल्या केसांचा वास घेऊन वाफ येते आणि चष्म्यावर बसते. इटलीत, मोडेना शहराजवळच्या एका कत्तलखान्यात मी उभा आहे. बाहेर पो नदीच्या खोऱ्यातलं जानेवारीचं दाट धुकं आहे. इथं येणारी डुकरं चांगली नऊ महिन्यांची, १६० ते १७० किलोंची असतात. त्यांच्या मागच्या मांड्या पार्माच्या प्रसिद्ध हॅमसाठी जातात, त्यामुळे सगळ्यांची नजर मांड्यांवर. मी पाहतोय ते त्यामागून येणारे आकडे. त्यांवर श्वासनळी, फुप्फुसं, हृदय आणि यकृत एकत्र लोंबकळत येतं.

एका जनावराला आठ-दहा सेकंद मिळतात, त्याहून जास्त नाही. पलीकडे सरकारी तपासनीस एकेक घड डोळ्यांखालून घालतोय. युरोपात २०१४ पासून डुकरांची ही तपासणी मुख्यतः नुसत्या नजरेनं होते. प्रत्येक अवयव हातानं दाबला, चिरला तर साल्मोनेलासारखे जंतू एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात. हे कारण मला पूर्ण पटतं. पण फुप्फुसाचा आजार मोजायचा तर बोटं लावावीच लागतात. म्हणून आमच्या पशुवैद्य बाई, ज्यांना इथले सगळे ‘दोत्तोरेसा’ म्हणतात, एका ट्रकमधल्या शंभरेक जनावरांची फुप्फुसं साखळीवरून उतरवून बाजूच्या स्टीलच्या टेबलावर घेतात.

पहिलं फुप्फुस फिकट गुलाबी आहे. दाबलं की बोट आत जातं, सोडलं की ठसा भरून येतो. दुसऱ्याच्या पुढच्या, खाली लोंबणाऱ्या खंडांवर जांभळट-करडे पट्टे आहेत. निरोगी भाग कुठे संपतो ते रेघ मारल्यासारखं स्पष्ट दिसतं. “हात लावून बघा,” बाई म्हणतात. तो भाग काळजासारखा घट्ट लागतो. हवा नाहीच आत. हा मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जंतूचा न्यूमोनिया. तो श्वासमार्गातल्या बारीक लवेला चिकटतो, लव झडते, मग घाण वर ढकलली जात नाही आणि खालच्या खंडांत साचत जाते. डुकराच्या फुप्फुसाला सात खंड. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त २८. फ्रान्समध्ये मादेकनं बसवलेली ही पद्धत. बाई गुण मोठ्यानं सांगतात, मी तक्ता भरतो.

पुढच्या फुप्फुसावर लाल ठिपके विखुरलेले दिसतात. मी पेन उचलतो, त्या मान हलवतात. भाग मऊ आहे. गळ्यावर सुरी फिरल्यावर शेवटच्या श्वासांबरोबर आत ओढलं गेलेलं रक्त आहे हे, आजार नाही. नजर आणि बोटं यांची साक्ष जुळल्याशिवाय त्या एकही गुण देत नाहीत, आणि या कामातलं खरं कसब मला यातच दिसतं.

“ये वाला चिपका हुआ है, जी!” साखळीवरून हाक येते. इथल्या गाईंच्या गोठ्यांत आणि मांस-कारखान्यांत पंजाबी माणसं पुष्कळ, हा त्यांतलाच एक तरुण. फुप्फुस बरगड्यांना इतकं चिकटलंय की ओढताना फाटतं आणि मागचा तुकडा धडातच राहतो. तो सुरीनं खरवडून काढावा लागतो.

बाईंचा चेहरा गंभीर होतो. चिकटणं मागच्या मोठ्या खंडांवर, पाठीच्या बाजूला असेल, तर संशय ॲक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्यूमोनिए या जंतूवर जातो. त्यासाठी इटलीतच तयार झालेली वेगळी गुणपद्धत आहे, तीही ० ते ४. पुढच्या खंडांपुरतं चिकटलं असेल तर १. मागे एका बाजूला थोडंसं असेल तर २. दोन्हीकडच्या मागच्या खंडांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त व्यापला असेल तर ४. माझ्या रकान्यात २ आणि ३ वाढत चाललेत.

एका फुप्फुसावर मात्र नुसत्या बारीक, आत ओढलेल्या रेघा आहेत. तिथं न्यूमोनिया होता, भरून आला. साधारण दोन-तीन महिन्यांत तो असा पुसला जातो. नऊ महिने जगलेल्या जनावराच्या बालपणातला खोकला या टेबलावर दिसेलच असं नाही. फुप्फुसावरणाचे चिकटे मात्र फार काळ टिकतात. म्हणून स्वच्छ फुप्फुस पाहून शेतकऱ्याला शाबासकी देणं मला घाईचं वाटतं.

हा तक्ता फाईलमध्ये पडून राहिला तर सगळी मेहनत वाया. युरोपात जानेवारी २०२२ पासून लागू झालेला कायदा सांगतो, की अस्वच्छता किंवा निकृष्ट संगोपन झाकायला प्रतिजैविकं वापरायची नाहीत. मग कोंदट हवा, अमोनिया, दाटीवाटी कुठे आहे ते शोधायलाच हवं, आणि तो माग इथून लागतो.

ट्रक संपतो. बाई हातमोजे काढून त्या फार्मच्या पशुवैद्याला फोन लावतात.

“खोकला कधी सुरू होतो?”

“शंभर किलोंच्या पुढे,” पलीकडून उत्तर येतं. “थंडीत खिडक्या बंद ठेवतात ना.”

“चार महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या डुकरांचं रक्त तपासायला पाठवा. संसर्ग कोणत्या वयात होतो ते कळू दे, लसीचं त्यानंतर ठरवू. खिडक्यांचं मात्र आजच सांगा त्यांना.”

मी तक्त्याचा फोटो काढून त्या पशुवैद्याला पाठवतो. दुसरा ट्रक आत येतोय.