वालूर ते वाळूज : बेकार नेमका कोण?

दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातली गावं रिकामी होऊ लागतात. सेलू तालुक्यातलं, बारवेसाठी ओळखलं जाणारं आमचं वालूरही त्याला अपवाद नाही. कुणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी सेलूला रेल्वेत बसून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला ठेकेदाराकडे. मागे पारावर उरतात नोकरीची वाट पाहणारे पदवीधर. पाहणीच्या कागदावर गेलेला ‘रोजगारात’ आणि राहिलेला ‘बेकार’. मग शहरात म्हणतात, ‘बाहेरच्यांना काम मिळतं, आमची पोरं बसून.’ माझं शिक्षण बेताचं; पण सरकारी अहवाल चाळता चाळता या वाक्यातली गफलत दिसू लागली.

२०१७ साली सुरू झालेल्या श्रमबल सर्वेक्षणाची साप्ताहिक मोजणी पाहा. सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. बेकार ठरायला नुसतं काम नसून भागत नाही. ते शोधत असावं लागतं किंवा करायची तयारी असावी लागते. आणि मनासारख्या कामाची वाट पाहायची तर घरात ज्वारीचं पोतं हवं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ते कुठून परवडणार? तो मिळेल ते करतो. तेही सुटलं तर गावी परततो. म्हणजे काम वाळूजमध्ये मोजलं जातं, बेकारी वालूरमध्ये.

ऊसतोड्याची गोष्ट आणखी वेगळी. स्थलांतरित ठरायला सहसा सहा महिन्यांचा मुक्काम लागतो. हंगाम अनेकदा त्याआधीच संपतो. एक ते सहा महिने बाहेर राहणाऱ्यांची नोंद २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने वेगळी घेतली, तेव्हा अशी माणसं कागदावर आली. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत दोघांना काम सोडता येत नाही. त्यांची बेकारी शून्य भरेल, पण ते सुख नव्हे.

म्हणून स्थानिक आणि स्थलांतरित यांची तुलना करताना तीन प्रश्न जोडावेत : वर्षात किती दिवस काम, किती मजुरी, आणि नको ते काम नाकारता येतं का? १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागचं तत्त्व साधं होतं : मागेल त्याला काम. ते गावातच मिळालं, तर वालूर सोडायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवेल. मुकादमाची उचल नव्हे.