दाव्याची गाठ

पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका शाळेतला नववीचा वर्ग. बाहेर पाऊस लागून राहिलाय. मी शेवटच्या बाकावर बसून तास बघतोय. मॅडमच्या टेबलावर कथालेखनाच्या वह्यांचा गठ्ठा आहे. मुद्दे तेच जुने, म्हातारा शेतकरी, भांडखोर मुलं, काठ्यांची मोळी. चाळलेल्या प्रत्येक वहीचा शेवट ‘तात्पर्य : एकीचे बळ’. अक्षर तेवढं वेगळं.

मॅडम वह्या बाजूला सारतात.

“२०१९चा पूर आठवतोय?”

वर्ग एकदम जागा होतो. तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

“घरातनं सगळ्यात आधी काय बाहेर काढलं?”

रेशनकार्ड. शेगडी. आज्ज्याचा फोटो. खिडकीजवळची मुलगी उभी राहते. “म्हस काढायची हुती. पण आज्जी दावं कापू देत नव्हती. सोडत बसली हुती.”

“का? घरात इळा नव्हता?”

“हुता की. पण दावं आज्ज्यानं वळलेलं. गाठबी त्यानंच मारलेली. पाण्यानं ती फुगल्याली.” ती बोटांनी गाठ दाखवते. आज्जा त्याआधीच्या उन्हाळ्यात गेलेला. वर्गात कुणी हलत नाही.

“मग?”

“काका आला. इळ्यानं एका दणक्यात कापलं.”

“हे झालं घडलेलं. आता गोष्ट लिहायची. गोष्टीत काकाला येऊ द्यायचं नाही.”

पुढच्या बाकावरचा मुलगा कळवळून म्हणतो, “मग म्हस बुडंल की, मॅडम!”

“बुडेल का, ते तिनं ठरवायचं.”

मला हा क्षण मोलाचा वाटतो. सोडवायला येणारा माणूस काढून घेतला, की आज्जीला काहीतरी करावंच लागतं. ती काय करेल याचा विचार पोरीच्या मनात सुरू झाला, की कथा सुरू झाली. मुद्द्यांच्या यादीतून हे कसं यावं?

मुलगी लिहू लागते. मॅडम वाकून बघतात. वहीत आलंय, ‘मी दारात उभी होते.’

“घरी असं म्हणतेस?”

“न्हाई. मी उभारलो हुतो, म्हणतो.”

पोरं हसतात. कोल्हापुरात पोरी ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, पण वही उघडली की त्याचं ‘आले, गेले’ होतं. मॅडम हसत नाहीत. “मग उभारलोच लिही.” कथाकार शंकर पाटील जवळच्याच पट्टणकोडोलीचे, त्यांचा ‘वळीव’ हा कथासंग्रह १९५८ चा. गावची बोली कथा किती पेलते, हे त्यांनी केव्हाच दाखवलंय. ते या पोरांपर्यंत शाळेतूनच पोचायला हवं.

“मॅडम, तात्पर्य कुठं लिहायचं?” मागून प्रश्न येतोच. गाइडात असतं, म्हणजे लागणारच.

मला वि. स. खांडेकर आठवतात. ते शिरोड्याला १८ वर्षं शाळामास्तर होते. १९३८ साली ते कोल्हापूरला आले आणि कायमचे इथले झाले. त्यांच्या रूपककथा अर्थानं भरलेल्या, पण तो अर्थ गोष्टीच्या पोटात असतो. मॅडम हे काहीच सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, “आज नको. आज नुसती गोष्ट.”

पंधरा मिनिटं पेनांचा आणि पावसाचाच आवाज. मी उठून खिडकीपाशी जातो. वहीत पाणी म्हशीच्या पोटाला लागलंय. खाली ‘यावरून असे कळते की’ एवढं लिहून पोरीनं काट मारलीय. त्याच्याखाली नवी ओळ : आज्जीनं गाठीला दात लावले.

घंटा होते. कुणी दप्तर भरत नाही.

मॅडम ती ओळ दोनदा वाचतात. “आज्जीला दात आहेत?”

“दोनच हैत. फुडचे.”

“मग ते लिही.”

ती पुन्हा खाली बसते.