भांडवल आलं कुठून? नायजेरियाचे २५ अब्ज नायरा
(बँकांचं बळ : लेखांक ६)

मागच्या लेखांकात भांडवल पर्याप्ततेचं गणित मांडलं होतं. कर्जांना जोखमीप्रमाणे भार लावायचा, बेरीज करायची आणि तिच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती टक्के भरतं ते पाहायचं. बाझल या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा किमान निकष ८ टक्क्यांचा, रिझर्व्ह बँकेचा ९ टक्क्यांचा. नायजेरियाचा त्याहून कडक आहे : देशातच व्यवसाय करणाऱ्या बँकांना १० टक्के, आंतरराष्ट्रीय परवाना असलेल्यांना १५. तरीही या देशाने वीस वर्षांत दोनदा आपल्या बँकांना नव्याने भांडवल उभं करायला लावलं. टक्केवारीत जे दिसत नाही ते तिथे उघडं पडलं, म्हणून आज नायजेरिया.

२००४ साली तिथे ८९ बँका होत्या. आकडा मोठा, बँका चिमुकल्या. बऱ्याचशा बँकांचा चरितार्थ सरकारी खात्यांच्या ठेवींवर आणि डॉलरच्या खरेदी-विक्रीवर चाले. कारखानदाराला किंवा शेतकऱ्याला कर्ज देणं हा त्यांचा मुख्य धंदा नव्हताच. चार्ल्स सोलुडो हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्या वर्षी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि ६ जुलैला त्यांनी बँकप्रमुखांना स्पष्ट सांगितलं : किमान भांडवल २ अब्ज नायरांवरून २५ अब्जांवर न्या, मुदत ३१ डिसेंबर २००५. म्हणजे दीड वर्षात साडेबारा पट. जमत नसेल तर दुसऱ्या बँकेत विलीन व्हा.

मुदत संपली तेव्हा २५ बँका उरल्या होत्या. बाकीच्या एकमेकींत मिसळल्या, ज्यांना तेही जमलं नाही त्यांचे परवाने गेले. जगभर कौतुक झालं आणि ते अगदीच अनाठायी नव्हतं. एवढ्या थोड्या वेळात, सगळी व्यवस्था कोलमडू न देता हे पार पाडणं सोपं नाही.

पण हा पैसा आला कुठून?

समजा, एका बँकेने शंभर कोटींचे नवे शेअर विक्रीला काढले. ते घ्यायला त्याच बँकेने एखाद्या दलालाला शंभर कोटींचं कर्ज दिलं, तारण म्हणून तेच शेअर ठेवून घेतले. ताळेबंदात एका बाजूला भांडवल शंभर कोटींनी वाढलं, दुसऱ्या बाजूला कर्जं तेवढ्यानेच वाढली. बाहेरून बँकेत दमडी आली नाही. कर्ज बुडालं तर तो तोटा ठेवीदारांच्या आधी मालकांनी सोसावा, यासाठी भांडवल असतं. इथे बुडणारं कर्ज आणि तो तोटा सोसणारं भांडवल एकाच पैशाची दोन नावं झाली. शेअरचा भाव पडला की तारण गेलं, दलाल गेला, कर्ज गेलं आणि भांडवलही गेलं, सगळं एकाच दिवशी. भाव चढता असेपर्यंत मात्र अशा बँकेचं पर्याप्तता प्रमाण कुणालाही हेवा वाटावा असं दिसतं.

नायजेरियात हेच झालं. तिथला, लागोसचा शेअर बाजार मार्च २००८मध्ये शिखरावर होता. पुढच्या वर्षभरात तो सुमारे ७० टक्क्यांनी कोसळला. जुलै २००८मध्ये १४७ डॉलरला गेलेलं तेलाचं पिंप डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आलं, त्यामुळे तेल कंपन्यांना दिलेली कर्जंही थकली. सोलुडोंनंतर आलेले गव्हर्नर सनुसी लामिडो सनुसी यांनी १४ ऑगस्ट २००९ रोजी पाच बँकांच्या प्रमुखांना एका दिवसात घरी पाठवलं, ऑक्टोबरात आणखी तिघांना. अडचणीतल्या बँका तगवायला मध्यवर्ती बँकेने ६२० अब्ज नायरा ओतले. पुढे थकीत कर्जं विकत घ्यायला ‘ॲमकॉन’ नावाचं सरकारी महामंडळ उभारावं लागलं.

फेब्रुवारी २०१०मध्ये कानो इथल्या विद्यापीठात सनुसींनी जे भाषण केलं ते बँक नियमनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. इंटरकॉन्टिनेंटल बँकेचं ३० टक्के भागभांडवल ठेवीदारांच्या पैशातून विकत घेतलं गेलं होतं, असं त्यांनी नाव घेऊन सांगितलं. आफ्रिबँकेने तर आपल्याच शेअर विक्रीतला ८० टक्के भाग ठेवीदारांच्या पैशाने उचलला, तोही बाजारात ११ नायरा भाव असताना २५ नायरांनी! गव्हर्नरने बँकांची नावं घेऊन असं बोलणं आपल्याकडे कल्पनेतही बसत नाही.

दुसऱ्या वेळेची गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यात लबाडी नाही, नुसती नायराची घसरण आहे. २००४ साली २ अब्ज नायरा म्हणजे साधारण दीड कोटी डॉलर होते, आणि २५ अब्ज म्हणजे १९ कोटी. २०२३च्या जूनमध्ये नायरा बाजारावर सोडला गेला आणि पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला डॉलरला सुमारे १५०० नायरा मोजावे लागू लागले. त्या दराने २५ अब्ज नायरा म्हणजे जेमतेम पावणेदोन कोटी डॉलर. सोलुडोंनी जिथून सुरुवात केली, जवळपास तिथेच. मार्च २०२४मध्ये गव्हर्नर ओलायेमी कार्दोसो यांनी नवी पट्टी लावली : आंतरराष्ट्रीय बँकांना ५०० अब्ज, राष्ट्रीय बँकांना २००, प्रादेशिक बँकांना ५०, मुदत मार्च २०२६अखेर. यात फक्त वसूल भागभांडवल आणि शेअरवरचा प्रीमियम धरायचा, साठवलेला नफा नाही. हे कलम मला पटत नाही. वर्षानुवर्षं नफा वाटून न टाकता राखून ठेवणाऱ्या बँकेचं भांडवल सर्वांत खरं असतं. तिलाच पुन्हा बाजारात उभं करण्यात शहाणपण कोणतं?

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे परक्याचं म्हणून सोडून देऊ नये. आपल्या नागरी सहकारी बँकांत कर्जदाराने शेअर घ्यायची पद्धत जुनी आहे : तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारणावर पाच. कर्ज मंजूर झालं की त्यातूनच शेअरची रक्कम कापून घेतात. नायजेरियाइतकं हे भयंकर नाही. रक्कम छोटी, कर्जदार हजारो, आणि तोच सभासद म्हणून मतदारही होतो. पुरेसं भांडवल असलेल्या बँकांना आता यात मोकळीकही आहे. तरी पैशाची वाट तीच, बँकेतून निघून बँकेत. शिवाय कर्ज फिटल्यावर सभासद, नियमांत बसत असेल तर, शेअर परत करून पैसे मागू शकतो. जे भांडवल चांगल्या कर्जदाराबरोबर निघून जातं आणि बुडव्याबरोबर बुडतं, त्यावर किती विसंबायचं? बहुतेक मोठ्या-मध्यम नागरी बँकांना मार्च २०२६पर्यंत १२ टक्क्यांचं प्रमाण गाठायचं होतं, त्यामुळे हा प्रश्न हिशेबाच्या वहीपुरता राहिलेला नाही.

आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल घरी आला की लाभांशाच्या पानावर थांबू नका. वसूल भागभांडवल आणि राखीव निधी हे दोन आकडे वेगळे पाहा. आणि सर्वसाधारण सभेला गेलात तर अध्यक्षांना विचारा : यंदा वाढलेल्या भागभांडवलात कर्जातून कापलेलं किती?