टिपणवही आणि तिची उजळणी

पाठ वहींत उतरला म्हणजे तो डोक्यांत उतरला, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत, आणि पुष्कळशा पालकांतही, दृढ झालेली आहे. वही सुबक असते, मथळ्याखालीं तांबडी रेघ असते, गुरुजींची सही असते; आणि दोन दिवसांनीं त्याच पाठांतील साधी गोष्ट विचारली तर विद्यार्थी वहीकडे पाहूं लागतो. हल्लीं तर फळ्याचें छायाचित्र मोबाइलमध्यें घेऊन ठेवण्याची सोय झाली आहे. त्यांत हातालाही श्रम नाहींत. मग बुद्धीला कोठून असणार?

लेखनाचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिला आहे. परंतु लिहिलेलें टिकावें कसें, हें ज्यांनीं लिहिलेंच नाहीं त्यांच्याकडून शिकावें. आमच्या हरसुलाचें तालुक्याचें ठिकाण त्र्यंबकेश्वर. वेदपठणाची परंपरा तेथें अद्याप चालू आहे. त्या पठणांत पदें नुसतीं ओळीनें घोकीत नाहींत. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, मग दुसरें-तिसरें, अशीं जोडून म्हणतात. जटापाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें आणि पुन्हां पहिलें-दुसरें. घनपाठांत तिसरें पद येऊन गुंतागुंत आणखी वाढते. म्हणजे तेंच पद निरनिराळ्या दिशांनीं मनांतून बाहेर काढावें लागतें. डोळ्यांपुढें पोथी धरून हें साधत नाहीं.

पाश्चात्त्यांनीं हीच गोष्ट मोजून पाहिली. हरमान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें 1885 साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करावयाचे आणि कांहीं काळानें तेच पुन्हां पाठ करण्यास किती श्रम वांचतात तें पाहावयाचें. तासाभरानें निम्म्याहून कमी श्रम वांचले, एका दिवसानें सुमारें एक तृतीयांश; पुढें मात्र विस्मरणाचा वेग मंदावला. सार्थ पाठ इतक्या झपाट्यानें विसरत नाहीं हें खरें, तरी पहिल्या दिवसाची गळती मोठी असते. पुढें 2006 साली अमेरिकेंत रोडिगर व कार्पिक यांनीं विद्यार्थ्यांस एक उतारा दिला. कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं न पाहतां आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं वाचणारे पुढें होते: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर वाचणारांस 42 टक्के आठवलें, आठवून लिहिणारांस 56. पुन्हां वाचल्यानें ‘येतें’ असें वाटतें, हीच त्यांतील फसवणूक.

हरसुलच्या परिसरांत या गोष्टीचें मोल निराळेंच आहे. मुलें बहुतेक कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतील. घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. पुष्कळांच्या घरीं अडलेलें विचारावें असें कोणी नाहीं. भाताचीं आणि नागलीचीं कामें उरकलीं, दिवाळी झाली, कीं कित्येक कुटुंबें नाशिककडील द्राक्षबागांत मजुरीस जातात, आणि त्यांच्याबरोबर लेकरेंही. अशा मुलाजवळ शाळा म्हणून जें उरतें तें दप्तरांतील वही. ती जर फळ्याची नुसती नक्कल असेल तर तिकडे बागेंत तिचा अर्थ कोण सांगणार?

म्हणून आम्ही मुलांकडून वहीच्या पानाचा डावीकडील तिसरा हिस्सा कोरा ठेववीत असूं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनीं प्रसिद्धीस आणलेली ही रीत. उजवीकडे पाठ, थोडक्या शब्दांत. डावीकडे त्याच संध्याकाळीं स्वतः काढलेले प्रश्न. तळाशीं दोन ओळींत आपल्या शब्दांतला सारांश. मग उजवी बाजू झांकून प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. न आलेल्या प्रश्नापुढें टिंब, आणि पुढील वेळीं टिंबाचे प्रश्न आधीं. दुसरी उजळणी तिसऱ्या दिवशीं, मग आठवड्यानें, मग महिन्यानें. या अंतरांत दिवस-दोन दिवस इकडेतिकडे झाले म्हणून कांहीं बिघडत नाहीं.

सारांश घरच्या बोलींत लिहिला तरी आम्हीं कधीं खोडला नाहीं. परासरणाचा पाठ झाल्यावर एका मुलीनें व्याख्या तशीच ठेवून खालीं आपल्या बोलींत लिहिलें होतें, कीं आईनें बाजाराहून आणलेली सुकलेली भाजी पाण्यांत टाकली म्हणजे ताठ होते. व्याख्येंत ‘अर्धपारगम्य’ हा शब्द तिला अडत असे. भाजी मात्र ती विसरली नाहीं, आणि भाजीवरून शब्दापर्यंत येतां आलें. प्रमाण भाषेचा अभिमान आम्हांसही आहे, पण तो सारांशाच्या दोन ओळींवर गाजवावा असें वाटत नाहीं.

शहरांतील आमच्या वाचकांच्या घरीं अडचण उलटी. तेथें मार्गदर्शक पुस्तकें आहेत, शिकवणी आहे, छापील टिपणें आयतीं मिळतात. दुसऱ्यानें काढलेल्या टिपणांत निवड दुसऱ्याची असते. काय ठेवावें आणि काय गाळावें हें ठरवितांना जो विचार व्हावयाचा तो होतच नाहीं. आयतें टिपण हातीं असलें तरी डावीकडील प्रश्न तरी मुलानेंच काढावे.

रात्रीं जेवणें झाल्यावर मुलानें वही मिटून ठेवावी आणि आज काय शिकलों तें आईस किंवा आजीस सांगावें. ऐकणाऱ्या बाईस अक्षरओळख नसली तरी चालतें. हरसुलच्या कित्येक घरीं ती नव्हतीच. ‘म्हणजे काय रे?’ एवढें तिनें मधून मधून विचारावें, आणि मूल जेथें अडखळेल तेथें दिवा जवळ घेऊन वही उघडूं द्यावी.