शीताने बरा होणारा व्रण

राजस्थानात बिकानेरचा वाळवंटी प्रदेश आहे. तेथे सायंकाळ झाली, की भिंतींच्या फटींतून वालुमाशी बाहेर पडते. ही माशी डासाहूनही लहान असते आणि उडताना तिचा आवाज होत नाही. तिची मादी माणसाचे रक्त शोषते. त्या वेळी कधी कधी एक सूक्ष्म परजीवी त्वचेत शिरतो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तेथे पुटकुळी उठते आणि ती वाढून तिचा व्रण होतो. तो बहुधा दुखत नाही. म्हणून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. वर्षभराने तो बहुतेक वेळा आपोआप भरून येतो खरा. परंतु गालावर किंवा कपाळावर राहिलेला वण जन्मभर जात नाही.

१८८५ साली कोलकात्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी अशाच एका व्रणात काही सूक्ष्म कण पाहिले. पुढे १९०३ साली विल्यम लीशमन व चार्ल्स डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रोग्यांत तशाच परजीवींचा स्वतंत्रपणे शोध लावला. लीशमन यांच्यावरून परजीवींच्या या वंशाला 'लीशमॅनिया' हे नाव मिळाले. शरीरातील ज्या भक्षक पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात, त्यांच्यातच हा परजीवी वाढतो. चोराने पहारेकऱ्याच्याच घरात दडून बसावे, तसा हा प्रकार होय.

मग त्याला गाठावे कसे? येथे शीत उपयोगी पडते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास तो द्रवरूप होतो. डॉक्टर हा द्रव कापसाच्या बोळ्याने किंवा बारीक फवाऱ्याने व्रणावर लावतात. काही सेकंदांतच तेथील त्वचा गोठून पांढरी पडते. पेशींतील पाण्याचे हिमस्फटिक बनतात, पेशी फुटतात आणि घरासह चोरही नष्ट होतो. नंतर खपली धरते व तिच्याखाली नवी त्वचा येते. हा उपचार काही आठवडे पुन्हा पुन्हा करावा लागतो. पुष्कळदा त्याच्या जोडीला व्रणातच औषधाची सुईही टोचतात.

शीत हेही अग्नीसारखेच दाहक आहे. ते जास्त वेळ लागले, तर निरोगी त्वचाही मरते. शिवाय त्या जागी फिकट डाग राहू शकतो. म्हणून हे काम कुशल हातांनीच करावयाचे असते. व्रण मोठे किंवा पुष्कळ असतील, तर दुसरे उपाय योजावे लागतात.

भिंतींच्या फटी बुजवणे, अंगभर कपडे घालणे आणि कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपणे, हे सर्वांत सोपे उपाय होत. तरीही पुटकुळी उठलीच, तर ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. व्रण लहान असतानाच उपचार झाला, तर वणही लहान राहतो.