‘आरआरआर’मधला अख्तर आणि खरा कोमराम भीम

‘नाटू नाटू’वर आपल्या मोहल्ल्यातली पोरंही नाचली. राजामौलींच्या ‘आरआरआर’मध्ये (२०२२) टोपी घालणारा अख्तर म्हणजे वेश बदललेला कोमराम भीम. दिल्लीत त्याला आसरा देतं ते एक मुस्लिम कुटुंब. टीझरमध्ये ती टोपी दिसली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

पण हा इतिहास नाही, हे मुलांना सांगायला हवं. अल्लूरी सीताराम राजू १९२४ मध्ये इंग्रजांच्या गोळीने गेले. गोंड नेते कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले, तेही निजामाच्या फौजेशी लढताना. निजाम मुसलमान होता म्हणून आपण हे झाकू नये. जंगलावरचा हक्क मागणाऱ्या गरिबांवर ती गोळी चालली होती. सिनेमाने मात्र लढा दिल्लीत नेला आणि शत्रू फक्त इंग्रज ठेवला.

मग इतिहासाच्या जागी रामायण येतं. राजूची वाट पाहणारी त्याची सीता, तिचं बोलणं ऐकून त्याला सोडवायला धावणारा भीम, रामाला खांद्यावर घेणारा भीम. म्हणजे हनुमानच की! नाव महाभारतातलं, काम रामायणातलं. शेवटी राजू भगव्या वस्त्रांत धनुष्य घेऊन उभा राहतो. दृश्य जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण कथेचा साचा माणसांच्या जागाही ठरवून टाकतो: राम पुढे, भीम सेवेत. अखेरीस भीम राजूकडे आपल्या लोकांसाठी शिक्षण मागतो. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आजही ज्याच्या नावाने दिली जाते, तो भीम!