मागचं पातं

२०२१च्या ऑगस्टमध्ये कोरोनामुळे आमचं शनिशिंगणापूर बंद होतं. अमावस्या शनिवारी आली की ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे भरदुपारी कुत्री आडवी पसरलेली असायची. तेला-फुलांच्या दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या. राज्यातली देवळं उघडली ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. त्याच्या दोनेक महिने आधीची ही गोष्ट. शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे बघितलं का?"

रात्रीची वेळ. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर फिरणारा मोठा पंखा. इंजिनाचा आवाज चढत जातो. मग काहीतरी सुटतं, आणि पुढचं इतक्या झटक्यात होतं की डोळ्याला नीट लागतही नाही. मुलगा पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं.

आत बसलेला तरुण म्हणजे शेख इस्माईल शेख इब्राहिम. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे त्याचं गाव, आणि गावाला तो मुन्ना म्हणूनच माहीत. वय २४. शाळा आठवीतच सुटलेली. वेल्डिंगचं, पत्र्याचं काम करायचा. कपाटं, कुलर बनवायचा. १० ऑगस्टच्या रात्री स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेत असताना मागचा छोटा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि मोठा पंखा केबिनवर. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. स्वातंत्र्यदिनी ते यंत्र लोकांसमोर आणायचं त्याच्या मनात होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे मध्ये चारच दिवस होते.

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवण्यात आयुष्य घालवलं. या मुलाला मी कधी भेटलो नाही, त्याचं गावही पाहिलेलं नाही. तरी त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण असली पोरं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. वर्गात मागे बसणारी, वहीत काही न लिहिणारी, आणि हातात होल्डर दिला की पहिल्याच आठवड्यात सरळ टाका ओढणारी. वेल्डर ट्रेडला आठवी पास चालतं. दहावीची अट नाही. मुन्नाची शाळा सुटली ती नेमकी त्याच उंबऱ्यावर, हे मला फार लागतं. आमच्या गावात जुन्या रीतीने घराला नुसती चौकट असते, दार नसतं; पण या मुलाला कुणी चौकटीपर्यंतही आणून सोडलं नाही.

दोन वर्षं तो हे यंत्र बांधत होता. 'थ्री इडियट्स' पाहून त्याला उमेद आली आणि यूट्यूबवर बघत बघत तो शिकला. गावातली पोरं त्याला त्या सिनेमातल्या नायकावरून रँचो म्हणायची. इंजिन मारुती ८००चं घेतलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं ते इंजिन आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजवाल्याने खोललेलं असतं. गाडी ओढायला केलेलं इंजिन पाइपांच्या सांगाड्यावर चढवायचं, त्याची ताकद वरच्या पंख्याकडे न्यायची, तीच मागच्या पंख्यालाही पोचवायची, आणि हे सगळं एका माणसाच्या केबिनला जोडायचं. त्याने यंत्राला नाव दिलं होतं 'मुन्ना हेलिकॉप्टर'. बातम्यांत त्याला कुणी वेल्डर म्हटलं, कुणी मेकॅनिक. मी त्याला इंजिनिअर म्हणतो. पदवी हा वेगळा विषय आहे. हाताशी आहे त्या सामानातून, आजवर गावात कुणी न केलेली वस्तू जो जुळवून चालू करून दाखवतो, त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

बातमी आली तेव्हा आमच्याकडे दोन-चार जण म्हणाले, साडेसाती आडवी आली असेल पोराला. लोखंड हा शनीचा धातू. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये असं मानणारी माणसं आमच्यात पुष्कळ आहेत. मी शिंगणापूरचाच आहे, चौथऱ्यावरच्या उघड्या शिळेपुढे मीही हात जोडतो. पण हे शनिमहाराजांवर ढकललेलं मला चालत नाही. पातं तुटलं. पातं का तुटतं, हे माणसाला शोधता येतं.

वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला धरून ठेवायला शेपटीकडचा आडवा छोटा पंखा लागतो. तो आकाराने लहान, पण फिरतो मोठ्यापेक्षा किती तरी जोरात. आणि गती दुप्पट झाली की पात्याला बाहेर ओढणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दोन पात्यांच्या वजनात थोडा फरक राहिला तर तो प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला हिसका देतो. मग सांगाडा थरथरायला लागतो. वेल्डिंगचा सांधा सहसा टाक्यात तुटत नाही. टाक्याच्या काठाला, जिथे पत्रा तापून निवलेला असतो, तिथे केसाएवढी चीर पडते. वर रंग मारलेला असेल तर ती दिसतही नाही. फुलसावंगीत त्या रात्री नेमकं काय झालं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण अशी चीर मी पाहिली आहे.

उमेदवारीत असताना मी एका वर्कशॉपमध्ये ब्लोअरचं पातं बसवलं होतं. घाईत बसवलं, तोलून पाहिलं नाही. बटण दाबून मी पाणी प्यायला माठाकडे वळलो. पातं सुटलं ते मी उभा होतो त्या जागेवरून जाऊन पलीकडच्या पत्र्यात घुसलं. पाणी प्यायला वळलो म्हणून मी वाचलो. त्या संध्याकाळी तिथल्या जुन्या फिटरने मला एक शब्दही न रागावता दोन अँगल समांतर बांधले, त्यांच्या धारेवर शाफ्टसकट पंखा ठेवला आणि म्हणाला, बघ. पंखा आपोआप हळूहळू फिरला आणि एक पातं खाली येऊन थांबलं. त्याने त्या पात्यावर खडूने फुली मारली, ग्राइंडरने कणभर घासलं, पुन्हा ठेवलं. पाच-सहा वेळा केलं. शेवटी पंखा जिथे ठेवावा तिथेच थांबायला लागला. मी माझ्या मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं. मुन्नाजवळ असा फिटर कुणी होता का?

मला सांगायचं आहे ते एवढंच. त्याच्याकडे बुद्धी होती, हात होता, चिकाटी तर अफाट होती. बाजूला उभं राहून 'थांब, आज तू आत बसू नकोस' म्हणणारं, आणि तसं म्हणण्याइतकं जाणणारं माणूस त्याला मिळालं नाही.

विमानं बांधणाऱ्या इगोर सिकोर्स्कीने १९०९-१०च्या सुमारास दोन हेलिकॉप्टरं करून पाहिली, जमली नाहीत, तेव्हा तो नाद तीसेक वर्षं बाजूला ठेवला. पुढे १४ सप्टेंबर १९३९ला त्याचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर जमिनीवरून उचललं गेलं तेव्हाही ते दोराने बांधलेलं होतं. मोकळं उड्डाण झालं थेट १९४०च्या मे महिन्यात. मागे कारखाना होता, पगारी माणसं होती, तरी आठ महिने दोर सोडला नाही. दोर महाग नसतो. दोर बांधायचा असतो हे माहीत असावं लागतं, आणि ते यूट्यूबवर उडणारं यंत्र बघून कळत नाही.

आपल्याकडे असं पाठीशी उभं राहणं झालेलंच नाही असंही नाही. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावं लागलं तेव्हा औंधच्या संस्थानाने कुंडलजवळची माळरानाची जागा दिली. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्या जागेवर. त्याच भागात देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं आजोळ आणि जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप केली. तेही शाळा फारसे न शिकलेले. मुन्ना गेला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांच्या नजरेला ती जीप आली, आणि जानेवारी २०२२मध्ये बोलेरो देऊन त्यांच्या कंपनीने ती जपायला नेली. त्या बातमीने मला मनापासून आनंद झाला. आणि लगेच फुलसावंगी आठवलं. जीप बिघडली तर रस्त्यात उभी राहते.

ज्या सिनेमाने त्याला उमेद दिली, त्यातही एक मुलगा आहे, जॉय लोबो. कॅमेरा लावलेलं उडतं यंत्र तो बनवत असतो, आणि कॉलेज त्याला मुदत देत नाही. मित्र ते यंत्र नीट करून त्याच्या खिडकीपर्यंत उडवतात, तेव्हा तो गेलेला असतो. लोकांना रँचो आठवतो. मला आता तो सिनेमा आठवला की ती खिडकीच दिसते.

मोबाइल दाखवायला आलेला तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर त्याने डाळिंबाला औषध मारायचा पंखा जोडला होता, चार पात्यांचा, आणि तो चालू करून दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, आधी खोल. दोन अँगल बांधले, खडू काढला. तिसरं पातं जड निघालं. घासून, तोलून पुन्हा बसवलं. मग एक्सलेटरची तार जोडून जोडून लांब केली, ती गोठ्याच्या भिंतीपलीकडे नेली, आणि पंख्याच्या बाजूला जुना जाड पत्रा उभा करून मागे वाळूच्या गोण्या टेकवल्या. त्याला हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. "सर, एवढं कशाला? साधा पंखा आहे."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, मला वाटतं पाऊण तास चालल्यानंतर, धाडकन आवाज झाला आणि इंजिन एकदम मोकळं भणभणायला लागलं. त्याने तार सोडली. आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो. पत्र्याला मध्यावर हाताच्या पंजाएवढा पोचा पडला होता, पातं खाली मातीत. मी ते उचलून उजेडात धरलं. टाक्याच्या काठाने तुटलं होतं; अर्धी कड चकचकीत ताजी, अर्धी काळपट जुनी. तो बराच वेळ त्या कडेवरून नख फिरवत राहिला, मग त्या पोच्याकडे पाहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "सर, आवाज किती झाला हो."